ती कुऱ्हाड कुठं आहे, बाई?

मुलांनो, जॉर्ज वॉशिंग्टनची आणि चेरीच्या झाडाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. छोट्या जॉर्जला वडिलांनी एक कुऱ्हाड आणून दिली. कुऱ्हाड हातात आल्यावर जॉर्जला कुठली चैन पडायला! दिसेल त्यावर घाव घालत तो बागेत फिरू लागला आणि वडिलांचं लाडकं चेरीचं झाडही त्याच्या तडाख्यात सापडलं. वडील संतापले. जॉर्ज मात्र न घाबरता पुढं आला आणि आपणच झाड तोडलं हे कबूल केलं. त्याच्या खरेपणावर वडील इतके खूश झाले, की त्यांनी त्याला पोटाशी धरलं. पुढं हाच मुलगा अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गाला ही गोष्ट मी कितीतरी वर्षं सांगत आले, तीसुद्धा हातवारे करून, कुऱ्हाडीचा 'खट् खट्' आवाज काढून. एके वर्षी गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, ती कुऱ्हाड अजून आहे? कुठं बघायला मिळते?"

प्रश्न साधाच, पण मला उत्तर येईना. "शोधून सांगते हं," म्हणून मी वेळ मारून नेली. मग खरोखरच शोधायला बसले. कुऱ्हाड काही सापडली नाही. सापडणार तरी कशी? मुळात ती गोष्टच खरी नाही! वॉशिंग्टन १७९९ साली वारले. त्यानंतर मेसन वीम्स नावाच्या एका पाद्री आणि पुस्तकविक्या गृहस्थांनी त्यांचं चरित्र लिहिलं. ते खूप खपलं. त्याच्या १८०६ सालच्या आवृत्तीत ही चेरीची गोष्ट पहिल्यांदा आली. त्याआधी ती कुठंच नाही. म्हणजे बघा, 'खोटं बोलू नये' हे शिकवायला आम्ही मास्तर-बाई मंडळी इतकी वर्षं एक रचलेली गोष्ट सांगत होतो!

मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण कुऱ्हाड शोधता शोधता मला एक घर सापडलं. आज तुम्हांला त्या घराकडेच न्यायचं आहे.

घराचं नाव माउंट व्हर्नन. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टन शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर, पोटोमॅक नदीच्या उंच काठावर ते उभं आहे. जॉर्जच्या वडिलांनी १७३४ च्या सुमाराला इथं लहानसं दीड मजली घर बांधलं. पुढं ते सावत्र भाऊ लॉरेन्सकडे आलं. त्यानं आपल्या आवडत्या नौदल-अधिकाऱ्याच्या, ॲडमिरल व्हर्ननच्या नावावरून घराचं नाव ठेवलं. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर घर जॉर्जच्या ताब्यात आलं. जॉर्ज तसा हौशी माणूस. लढाईवर असो की राज्यकारभारात, घराचं बांधकाम त्याच्या डोक्यातून जात नसे. आधी एक मजला चढवला, मग दोन्ही बाजूंना खोल्या काढल्या, नदीच्या अंगाला उंच खांबांची लांबलचक ओसरी केली. होता होता २१ खोल्यांचं घर झालं.

या घराची एक गंमत सांगते. लांबून पाहिलं, तर ते चिरेबंदी वाटतं. चांगले घडीव दगडाचे चिरे एकावर एक रचल्यासारखं. प्रत्यक्षात भिंती लाकडाच्या आहेत! पाइनच्या फळ्यांना खाचा पाडून चिऱ्यांचा आकार दिला, वर रंग लावला आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारली. हात लावला तर खरखरीत दगडासारखं लागतं. तेव्हा कुऱ्हाडीच्या गोष्टीआधी या भिंतीच थोडंसं खोटं बोलत होत्या म्हणा ना!

घरात पाहुण्यांचा राबता तर विचारू नका. ओळखीचे, बिनओळखीचे, कुणीही यायचं. वॉशिंग्टननी एका पत्रात आपल्या घराची तुलना वर्दळीच्या खाणावळीशी केली आहे. ते वारल्यावरही लोक यायचे थांबले नाहीत. समाधी घराच्या आवारातच, त्यामुळं गर्दी वाढतच गेली. यायचं, बघायचं आणि जाताना आठवण म्हणून झाडाची फांदी मोडून किंवा घराचा एखादा तुकडा काढून न्यायचा. (आपल्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्या वीरांची तुम्हांला आठवण झाली असेल. मलाही झाली.)

वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. घर पुतण्याकडे गेलं, मग त्याच्या पुतण्याकडे, असं करत १८५० च्या सुमाराला ते जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन या वंशजाकडे आलं. घर मोठं, शेतीचं उत्पन्न तुटपुंजं आणि रोज दारात उभे राहणारे पाहुणे. तुमच्यापैकी ज्यांच्या गावी जुना वाडा आहे, त्यांच्या आजोबांना विचारा. एका पावसाळ्यात कौलं सरकतात, वासा कुजतो, आणि त्या एका वाशाच्या दुरुस्तीत वर्षाची शिल्लक जाते. इथं तर नदीकाठच्या ओसरीचे खांबच खचायला आले होते. छप्पर खाली येऊ नये म्हणून जहाजाच्या डोलकाठ्यांचे टेकू लावावे लागले! जॉन ऑगस्टीननं हे घर केंद्र सरकारनं घ्यावं म्हणून प्रयत्न केला, व्हर्जिनिया राज्यानं घ्यावं म्हणून केला. दोघांनीही घेतलं नाही.

आता गोष्टीत एक आई आणि एक मुलगी येतात.

१८५३ सालची रात्र. पोटोमॅक नदीतून एक आगबोट चालली होती. त्या काळी माउंट व्हर्ननसमोरून जाताना बोटी वॉशिंग्टनच्या स्मृतीसाठी घंटा वाजवत. घंटा ऐकून लुइसा कनिंगहॅम नावाच्या बाई डेकवर आल्या. चांदण्यात त्यांना ते घर दिसलं, पडायला आलेलं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मुलीला पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा, की देशातले पुरुष हे घर राखू शकत नसतील, तर ते काम बायकांनी का करू नये?

ही मुलगी म्हणजे ॲन पामेला कनिंगहॅम. वय ३७. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळं तिच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली होती आणि तेव्हापासून तब्येत कायमची अधू. पण आईचं पत्र वाचून तिनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका वर्तमानपत्रातून दक्षिणेकडच्या स्त्रियांना आवाहन केलं. खाली स्वतःचं नाव घातलं नाही, 'दक्षिणेतली एक गृहिणी' अशा अर्थाची सही केली. कारण घरंदाज बाईचं नाव पेपरात छापून येणं तेव्हा तिथं शोभेसं मानत नसत.

पुढची साडेचार वर्षं म्हणजे नुसती पत्रं, पत्रं आणि पत्रं. वेगवेगळ्या राज्यांतल्या बायका गोळा झाल्या. त्यांनी 'माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन' ही संस्था काढली. वर्गणी जमवायला लागल्या. एडवर्ड एव्हरेट नावाचे मोठे वक्ते होते. ते गावोगाव वॉशिंग्टनवर व्याख्यानं देत आणि मिळालेले पैसे या बायकांना देत. त्यांनी एकट्यानं ६९ हजारांवर डॉलर मिळवून दिले. घरमालक मात्र आधी तयारच होईनात. बायकांच्या संस्थेला घर विकायचं, ही कल्पना त्यांना पटेना. शेवटी ॲन पामेलाच्या चिकाटीपुढं ते नमले. एप्रिल १८५८ मध्ये करार झाला. घर आणि भोवतालची २०० एकर जमीन, किंमत दोन लाख डॉलर. २२ फेब्रुवारी १८६० रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी, घर संस्थेच्या ताब्यात आलं.

आत जाऊन बघतात तर खोल्या जवळजवळ रिकाम्या! सामान केव्हाच नातेवाइकांत वाटलं गेलं होतं. काही मोजक्या वस्तू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यातली एक आहे मधल्या दालनात लावलेली मोठी लोखंडी किल्ली. फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांनी पॅरिसचा बॅस्तियचा तुरुंग फोडला, हे तुमच्या ताई-दादांना इतिहासात असतं ना? त्याच तुरुंगाची ही किल्ली! सेनानी लाफायेत यांनी ती १७९० साली वॉशिंग्टनना भेट पाठवली. ती आजही तिथंच आहे. बाकीच्या वस्तू संस्थेनं पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत एकेक करून शोधून आणल्या.

ताबा मिळून जेमतेम वर्ष होतंय, तोच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तर एकीकडे, दक्षिण दुसरीकडे, आणि घर मधोमध. ॲन पामेला दूर साउथ कॅरोलिनात अडकली. घरात राहिली संस्थेची चिटणीस सेरा ट्रेसी आणि थोडी माणसं. नियम एकच होता. सैनिक कुठल्याही बाजूचा असो, त्यानं हत्यारं बाहेर ठेवायची आणि मग घर बघायला यायचं. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं आजूबाजूला लढाया चालल्या, पण या घराला धक्का लागला नाही.

मुलांनो, खरं म्हणजे मी इथपर्यंतच लिहिणार होते. छान गोष्ट झाली असती. धाडसी बायका, वाचलेलं घर, टाळ्या. पण एकदा कुऱ्हाडीच्या गोष्टीत फसल्यामुळं मी आणखी वाचत राहिले.

२१ खोल्यांच्या घरात आणि हजारो एकर शेतात काम कोण करत होतं? १७९९ साली वॉशिंग्टननी स्वतः एक यादी केली होती. त्यांच्या जमिनीवर तेव्हा ३१७ गुलाम होते. पुरुष, बायका आणि तुमच्याएवढी, तुमच्याहून लहान मुलंसुद्धा. गुलाम म्हणजे नोकर नव्हे. नोकराला पगार असतो आणि नकोसं झालं तर तो काम सोडून जाऊ शकतो. गुलामाला यातलं काहीच नव्हतं. मालक त्याला विकू शकत असे. त्याचं मूलही जन्मल्यापासून गुलामच.

या घरातली ओना जज नावाची मुलगी शिवणकामात फार तरबेज होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था यांची ती खास सेविका. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीला देऊन टाकणार आहेत, असं तिच्या कानावर आलं. तेव्हा वॉशिंग्टन कुटुंब फिलाडेल्फिया शहरात राहत होतं. मे १७९६ मध्ये, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, ओना दारातून बाहेर पडली आणि बोटीनं दूर न्यू हॅम्पशरला गेली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचे प्रयत्न केले. ती आली नाही. शेवटपर्यंत गरिबीत राहिली, पण आली नाही. हर्क्युलिस नावाचा त्यांचा नावाजलेला आचारी माउंट व्हर्ननहूनच पळाला, तोही नेमका मालकाच्या ६५व्या वाढदिवशी!

वॉशिंग्टनना मनातून गुलामगिरी पुढं पुढं पटेनाशी झाली होती. त्यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करावं असं लिहिलं आणि १ जानेवारी १८०१ रोजी ते मुक्त झाले. पण उरलेल्यांपैकी बहुतेक मार्थाबाईंच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले होते. कायद्यानं ते तिच्या नातवंडांकडे गेले. नवरा मोकळा आणि बायको-मुलं गुलाम, अशीही ताटातूट झाली. थोर माणूस होता, हे खरंच. आणि त्यानं इतकी माणसं इतकी वर्षं गुलाम म्हणून राबवली, हेही तेवढंच खरं. दोन्ही एकाच घरातलं आहे, त्याला मी काय करू?

आता मला सांगा, घर बघायला येणाऱ्यांना यातलं किती सांगत असतील? पुष्कळ वर्षं जवळजवळ काहीच नाही. ज्या बायकांनी घर वाचवलं, त्यांच्यापैकी अनेकींना गुलामगिरीत वावगं वाटत नव्हतं. ॲन पामेलाचं माहेरचं घर म्हणजेही गुलामांच्या कष्टावर चाललेला मळाच होता. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. मग या घराच्या जुन्या गुलामांपैकी काही जण तिथंच पगारावर काम करू लागले. त्यातले एडमंड पार्कर वॉशिंग्टनच्या समाधीवर पहारा करत आणि पाहुण्यांशी बोलत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल त्यांना कुणी विचारलं असेल का, असं मला राहून राहून वाटतं.

वॉशिंग्टनच्या समाधीपासून थोड्या अंतरावर, झाडीत, गुलामांची दफनभूमी आहे. थडग्यांवर नावं नाहीत. १९२९ साली संस्थेनं तिथं एक दगडी फलक बसवला. त्यावर काय लिहिलं असेल? 'वॉशिंग्टन घराण्याचे विश्वासू नोकर' अशा अर्थाचं. गुलाम हा शब्द नाहीच! पुढं झाडी वाढली आणि तो फलकही जवळजवळ विसरला गेला. १९८३ मध्ये तिथं दुसरं स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा हॉवर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केला. त्यावर 'गुलाम' असं स्पष्ट म्हटलं आहे. २०१४ पासून तिथं पुरातत्त्वज्ञ काम करू लागले. ते वरवरची माती अलगद काढतात, खालच्या मातीच्या रंगातल्या फरकावरून थडगं ओळखतात, त्याची नोंद करतात आणि माती पुन्हा तशीच घालतात. हाडांना हात लावत नाहीत. २०१६ मध्ये संस्थेनं या माणसांच्या आयुष्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. ओना जज, हर्क्युलिस, वॉशिंग्टनचा सेवक विल्यम ली यांची नावं आता पाहुण्यांना सांगितली जातात. त्या माणसांचे वंशजही तिथं येतात.

मला विचाराल, तर छप्पर सावरणं हे काम सोपं. त्याला पैसा लागतो, सुतार लागतात, मिळतात. पण 'आमच्या घरात असंही होत होतं' हे दारात उभं राहून आलेल्या पाहुण्याला सांगणं! आपल्याच घरातल्या एखाद्या भांडणाबद्दल पाहुण्यांसमोर बोलायची वेळ आली, तर आपण कशी मान फिरवतो, आठवून बघा. या संस्थेला ते जमायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

छप्पर सावरायचं कामही काही एकदाच करून संपत नाही, बरं का! लाकडी घर, म्हणजे आगीची भीती सदाचीच. १९२३ मध्ये मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी या घराला आगीचा बंब भेट दिला होता. ओसरीतून नदीपलीकडं जी गर्द झाडी दिसते, तिथं १९५० नंतरच्या काळात तेलाच्या टाक्या उभ्या राहणार होत्या. मग संस्थेतल्या फ्रान्सिस बोल्टन या बाईंनी पलीकडची सुमारे ५०० एकर जमीनच विकत घेऊन टाकली! दृश्य वाचवण्यासाठी जमीन घेतल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नव्हतं ऐकलं. आणि २०२३ पासून तर घराची पायापासून दुरुस्ती काढली. आजही घर त्याच संस्थेकडे आहे, सरकारचा पैसा ती घेत नाही. वर्षाला सुमारे दहा लाख माणसं घर बघायला येतात आणि त्यांच्या तिकिटांतून, देणग्यांतून हा खर्च चालतो.

दुरुस्ती करायची तर आधी जमीन तपासायला हवी, म्हणून तळघरात पुरातत्त्वज्ञांनी खणायला सुरुवात केली. २०२४ साली तिथल्या खड्ड्यांतून काय निघालं, ओळखा बघू! काचेच्या ३५ बाटल्या. त्यातल्या २९ धड, न फुटलेल्या. आणि त्यांच्यात होती फळं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण चक्क चेरी! अमेरिका स्वतंत्र व्हायच्याही आधी कुणीतरी हिवाळ्याच्या बेगमीसाठी त्या भरून, बुचं लावून पुरून ठेवल्या होत्या. अडीचशे वर्षं कुणाला पत्ता नव्हता. देठसुद्धा शाबूत होते, नीट कापलेले.

त्या काळी या घराच्या स्वयंपाकघराची व्यवस्था डॉल नावाच्या बाईकडे होती. मार्था लग्न होऊन इथं आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली ही गुलाम स्त्री. फळं टिकवायची कला तिच्या हातची. झाडावरून चेरी तोडणारे हातही बहुधा गुलामांचेच.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पाचवीत गेला होता, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. कुऱ्हाड नव्हतीच म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. बाटल्यांचं ऐकल्यावर मात्र डोळे मोठे करून म्हणाला, "बाई, कुणी चाखून बघितली का हो?"

"नाही रे," मी म्हटलं, "शास्त्रज्ञांनी फ्रिजमध्ये ठेवल्यात. बियांची तपासणी करणार आहेत."

"मग डॉलला कशा लागल्या असतील?"

मी पुन्हा म्हटलं, "शोधून सांगते हं." पण हे कुठं सापडेलसं मला वाटत नाही.